दगा पाटलांचे सात आणे

मी घोड्यावरून उतरलो नाही. झाले ते इतकेच, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत होतो. रिकिबीतून पाय काढायचा, चिखलात ठेवायचा, वीस पावले बाजरीत शिरायचे आणि चार कणसे मोडून तळहातावर चोळायची. या सगळ्याला एखादी चिलीम ओढायला लागतो तेवढा वेळ लागला असता. तेवढा वेळ मी दिला नाही आणि साक्री तालुक्यातल्या एका भल्या माणसाचे नाव त्याच्याच गावात खराब झाले. गावाचे नाव मी येथे देत नाही. त्या माणसाचे नाव मात्र दिल्यावाचून इलाज नाही, कारण सगळी हकीकत त्या नावावरच येऊन अडते. त्यांचे नाव दगा पाटील.

संपादकांनी मला महसूल खात्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती आहेत, एकदोन लिहीनही. पण लिहायला बसलो की पहिल्यांदा ती बाजरी डोळ्यांपुढे उभी राहते, म्हणून आधी तीच सांगून टाकतो.

मी सर्कल इन्स्पेक्टर होतो. तलाठ्याच्या वर आणि मामलेदाराच्या खाली जो एक घोडेस्वार असतो, तो. दिमतीला एक पांढरे तट्टू, खोगिराला बांधलेली कागदांची पिशवी आणि हाताखाली तीसपस्तीस गावे. या कामातले सर्वांत नाजूक काम म्हणजे आणेवारी. शहरातल्या वाचकांना हा शब्द वर्तमानपत्रात दिसतो, पण त्यात काय असते ते ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगतो.

जमिनीचा सारा एकदा ठरला की तीस वर्षे बदलत नाही. पाऊस मात्र दर वर्षी बदलतो. मग पीक बुडाले त्या वर्षी साऱ्याचे काय करायचे? सरकारने याला उपाय काढला तो असा. चांगल्या पिकाला सोळा आणे धरायचे आणि उभ्या पिकाकडे पाहून ते सोळापैकी किती आणे आले ते ठरवायचे. माझ्या वेळी चार आण्यांच्या आत असले तर त्या वर्षीचा सगळा सारा तहकूब होई. चार ते सहा असले तर निम्मा. सहाच्या वर गेले की पुरा सारा, हप्त्याच्या दिवशी. म्हणजे एका आण्याच्या फरकाने एका गावात भांडी वाजत आणि शेजारच्या गावात तीच भांडी जप्तीच्या गाडीत चढत.

आता सोळा आणे म्हणजे नेमके काय, यावर मी उभ्या जन्मात दोन माणसांचे एकमत झालेले पाहिले नाही. सरकार म्हणे, साधारण बरे वर्ष म्हणजे सोळा आणे. कुणबी म्हणे, माझ्या बापाच्या वेळी एकदा कणगी फुटून धान्य अंगणात आले होते, ते सोळा आणे. कौन्सिलात यावर भाषणे होत, पुढारी अर्ज लिहून देत, साहेब लोक टिपणे लिहीत. सध्या विक्रीकर आल्यापासून धुळ्याच्या पेठेत दुकानदारांची अशीच तणतण चालली आहे. कर प्रांताने घ्यावा की वरच्या सरकारने, किती घ्यावा, कशावर घ्यावा. मी चहाच्या दुकानात बसून ऐकतो. मला वाटते, कराचे दर काय हे शेवटी माणूस सोसून घेतो. त्याला सोसत नाही ते हे, की त्याच्या घरात किती आले ते ठरवणारा माणूस कोठे उभा राहून पाहतो.

मी घोड्यावर बसून पाहिले.

त्या वर्षी पाऊस कमी नव्हता. उलट पुष्कळ झाला, आणि बाजरी ऐन फुलोऱ्यात असताना चार दिवस संततधार लागली. बाजरीचा फुलोरा धुऊन गेला की कणीस तसेच उभे राहते. लांब, भरदार, हिरवेगार. लांबून पाहणाऱ्याला वाटावे की काय पीक आले आहे! पण आत दाणा धरलेला नसतो. हे ओळखायची एकच रीत. कणीस मोडायचे, तळहातावर चोळायचे आणि हलकी फुंकर मारायची. भुसकट उडते आणि दाणा राहतो. त्या वर्षी साक्रीच्या पश्चिमेला फुंकर मारली की तळहात नुसता रिकामा राहत होता. ते मला नंतर कळले. ज्यांनी तळहात पुढे करायचा त्यांतला मी होतो आणि मला नंतर कळले.

मी का उतरलो नाही तेही सांगतो. ते सबब म्हणून नव्हे. माझे लग्न होऊन वर्ष झाले होते. साक्रीला बिऱ्हाड मिळेना, म्हणून धुळ्यात दोन खोल्या घेऊन पत्नीला आणले आणि चौथ्या दिवशी तिला तेथे सोडून मी फिरतीवर निघालो. ती सिन्नरकडची. धुळ्यात तिच्या ओळखीचे एक माणूस नव्हते. अकरा गावांचे आणेवारीचे तक्ते दसऱ्याआधी दिलेत तर दोन दिवस रजा देतो, असे मामलेदारांनी सांगितले होते. दहा गावे झाली होती, प्रत्येक ठिकाणी उतरून, कणसे चोळून. अकरावे गाव हे. काळ्या जमिनीत गुडघाभर चिखल. त्याच सकाळी चिखलात बसलेला माझा एक जोडा मी काठीने उकरून काढला होता आणि तो अजून ओला होता.

गावाच्या शिवेवर रस्त्याला लागूनच पाटलांचे शेत होते. ते बांधावर उभे होते. वय चाळिशीच्या आसपास, उंच, डोक्याला पागोटे, हातात खुरपे. मी तट्टू थांबवले.

"राम राम, पाटील. कसं काय पीक?"

त्यांनी पिकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "बरं शे, भाऊसाहेब," ते म्हणाले. "लक्ष्मी उभी शे."

"सगळ्या गावाचं असंच?"

"बठ्ठाच वावरमा लक्ष्मी उभी शे." मग म्हणाले, "उतरा नं. घर चला, पानी ल्या. घर बसीसन बोलूत."

"नको, आज घाई आहे."

मी पिशवीतून छापील तक्ता काढला. आकडे भरलेले नव्हते. सही कोठे करायची ती जागा दाखवली. पाटलांनी तो खोगिरावर ठेवला आणि शाईचा टाक घेऊन जुन्या पद्धतीने नांगराची निशाणी काढली. त्यांच्या बापाने, आज्याने काढली तशी. तट्टू हलले आणि नांगराचा फाळ थोडा वाकडा गेला. पाटील ओशाळून हसले. "बैल बुजना," म्हणाले.

मैलभर पुढे गेल्यावर एका झाडाखाली मी आकडा भरला. सात आणे. सातच का? सहा लिहिले तर अर्धी तहकुबी द्यावी लागते आणि मामलेदार दहा प्रश्न विचारतात. आठ लिहायला मन धजावले नाही. सात हा असा आकडा आहे की त्याला कोणी काही विचारत नाही. शेऱ्यात लिहिले, "प्रत्यक्ष पाहणीवरून व मुलकी पाटील यांचे सांगण्यावरून." आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरी पोचलो. पत्नीने पुरणपोळी केली होती.

अर्ज यायला महिना लागला. गावच्या साठसत्तर खातेदारांनी अंगठे उमटवले होते. आमचे पीक दोन आणेही नाही, सात आणे कोणी लावले? मामलेदारांनी चौकशी लावली, तोवर कापण्या होऊन गेल्या होत्या. शेतात बुडखे उरले होते आणि बुडख्यांवरून कोणाला काय कळणार? मग राहिला तो कागद आणि कागदावरचा नांगर. पाटलांना साक्रीच्या कचेरीत बोलावणे गेले.

मामलेदार कोकणातले होते. माणूस दुष्ट नव्हता, पण त्यांना विनोदाची हौस होती आणि कचेरीत साहेबांच्या विनोदाला हसावे लागते. पाटील समोर उभे राहिले. मी टेबलाच्या बाजूला कारकुनांच्या रांगेत होतो.

"नाव?"

"दगा."

"काय?"

"दगा, साहेब. दगा पाटील."

मामलेदारांनी चष्म्यावरून पाहिले. "वा! आणि या दगा पाटलांनी गावाला काय दिलं म्हणता?"

सगळी कचेरी हसली.

येथे वाचकांना एक सांगितले पाहिजे. आमच्या खानदेशात दगा हे नाव घरोघर सापडेल. ज्या बाईची मुले जगत नाहीत ती पुढच्या मुलाला दगडाचे नाव ठेवते, म्हणजे दृष्ट लागत नाही आणि पोर दगडासारखे टिकते. त्या दगडाचा दगा होतो. पाटलांच्या आईची आधीची तीन गेली होती. मामलेदारांना हे माहीत नव्हते. मला माहीत होते. दोन वर्षे मी त्या मुलखात फिरत होतो आणि तलाठ्यांच्या वह्यांत पन्नास दगा पाहिले होते.

आणि मी हसलो. मोठ्याने नाही, पण पाटलांनी पाहावे इतके हसलो. घोड्यावरून न उतरण्याला चिखल होता, ओला जोडा होता, दसरा होता. या हसण्याला काहीही नव्हते.

मामलेदारांनी विचारले, "तुम्ही 'पीक बरं आहे' असं सांगितलं की नाही?"

"सांगं, साहेब."

"मग आता तक्रार कसली?"

"साहेब, मी वावरमा उभा व्हतू," पाटील म्हणाले. "वावरमा उभा राहीसन पीकले वाईट बोलतस नही."

"मग कोठे बोलतात? काशीला जाऊन?"

पुन्हा हसू झाले. पाटील हसू थांबेपर्यंत थांबले आणि शांतपणे म्हणाले, "घर बोलतस. खयामा बोलतस. मी भाऊसाहेबले घर चला म्हनं."

खयामा म्हणजे खळ्यात. मामलेदारांना ते नीट कळले नसावे. मला मात्र त्या क्षणी सगळे कळले. आपल्याकडे बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. दिवा विझवला म्हणत नाहीत, मोठा केला म्हणतात. घरातले तांदूळ संपले तरी बाई डबा आपटून 'तांदूळ वाढले' म्हणते. उद्या एखाद्या कारकुनाने येऊन लिहून घेतले, की बाईंच्या सांगण्यावरून तांदूळ वाढले आहेत, तर त्याला काय म्हणावे? पाटलांनी उभ्या पिकासमोर पिकाचा मान राखला होता. खरे सांगण्यासाठी मला घरी बोलावले होते. मी त्यांचा मान लिहून घेतला आणि साक्ष म्हणून दप्तरात लावला.

मामलेदारांनी माझ्याकडे वळून विचारले, "तुम्ही प्रत्यक्ष पाहणी केलीत ना?"

पाटीलही माझ्याकडे पाहत होते. मी घोड्यावरच होतो हे त्यांना माहीत होते. ते बोलले नाहीत. सरकारी माणसाला सरकारसमोर उघडे पाडणे त्यांच्या रीतीत बसत नसावे, किंवा मीच ते सांगेन अशी त्यांनी वाट पाहिली असावी. मला ही दुसरी गोष्टच खरी वाटते.

"हो, साहेब," मी म्हणालो. "पाटलांची निशाणी आहे."

अर्ज नामंजूर झाला.

पुढे धुळ्याला घरी गेलो त्या रात्री मी पत्नीला सगळे सांगितले. ती शेतकऱ्याची मुलगी. तिने पहिला प्रश्न विचारला तो हा, "कणीस चोळलं नाहीत?" "नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे तर पोरंसुद्धा चोळून बघतात." मग ती म्हणाली, "मग जाऊन सांगा ना."

"नोकरी जाईल."

 त्या दिवसानंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही. त्यामुळे मला दर वेळी वाटे, की ती आता काढील. आम्हाला मूल झाले नाही. सात वर्षांनी ती तापाने गेली, आणि ज्या एका माणसापाशी मी ही गोष्ट बोललो होतो तेही माणूस राहिले नाही. त्यानंतर ही गोष्ट माझ्याजवळच राहत आली आहे, एखादी भाडेकरीण राहावी तशी. दिवसा जाणवत नाही. घरी आलो की ती असते.

ज्या गावात मी सात आणे लावले त्या गावात पुढे मला जावेच लागे. माझेच सर्कल. पहिल्यांदा गेलो तेव्हा विहिरीवर बायका होत्या. त्यांतली एक म्हातारी, भिकी अक्का म्हणत तिला, तिची तांब्याची घागर जप्तीत गेली होती. तिने मला पाहिले आणि बाकीच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उतरू नका भाऊसाहेब! पाय मळतीन!"

मी उतरलो. तट्टूचा लगाम धरून चावडीपर्यंत चालत गेलो. मागून हसण्याचा आवाज येत राहिला. पण माझ्यावरचे हसणे तेवढेच. सर्कल काय, आज एक, उद्या दुसरा. सरकारी माणसाकडून कोणी वेगळी अपेक्षा करत नाही. गावाचा राग होता तो पाटलांवर. नांगर त्यांचा होता. पाटील वाटेने गेले की पोरे मागून म्हणत, "सात आना, सात आना!" आणि मोठी माणसे म्हणत, "आई-बापनी नाव बराबर ठेवं."

पोळ्याला मी त्याच चावडीत मुक्कामाला होतो. तिकडे पाटलांच्या बैलांचा मान पहिला. वेशीच्या तोरणाखालून ते पुढे निघतात आणि मागून सगळ्या गावाचे बैल. पाटलांनी आपली जोडी सजवून आणली होती. शिंगांना बेगड, अंगावर झूल. वाजंत्री वाजू लागली. पाटलांची जोडी तोरणाखालून पलीकडे गेली, आणि मागे कोणी हलले नाही. सगळे गाव आपापल्या बैलांचे कासरे धरून उभे. पाटील पलीकडे एकटे, दोन बैल घेऊन. त्यांनी मागे वळून पाहिले. वाजंत्री वाजवणाऱ्यांनाही काय करावे कळेना. एकेकाचे वाद्य थांबत गेले. मग पाटील बैलांसह बाजूला झाले आणि रस्ता मोकळा केला, तेव्हा बाकीचे बैल निघाले.

मी चावडीच्या ओट्यावरून हे पाहत होतो. ओट्यावरून खाली पाच पायऱ्या होत्या. त्या दिवशीही मी उतरलो नाही.

पुढच्या वर्षी मी बदली मागून घेतली आणि पूर्व खानदेशात, जळगावकडे गेलो. तेथे मी निराळाच माणूस झालो. प्रत्येक शेतात उतरू लागलो. बांधाच्या कडेची कणसे घेत नसे, कारण तेथे खत जास्त पडते; मधोमध जाऊन घेई. कपाशी असली तर झाडांची बोंडे मोजून मग फुटलेली किती ते वेगळे मोजी. पारोळ्याच्या बाजूला एक इरसाल शेतकरी भेटला. त्याने रस्त्यालगतच्या पट्ट्यात मुद्दाम विरळ पेरा केला होता आणि आत, नजरेआड, माणूस बुडेल अशी ज्वारी. मी आत शिरून पाहून आलो तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "तुमच्या आधीचे साहेब फार देवमाणूस होते. रस्त्यावरूनच जायचे."

रावेरकडचे एक केळीवाले बागाईतदार होते. ते आणेवारीचा कागद पाहून म्हणत, "साहेब, केळीला आणे नसतात. तिला एक तर घड असतो, नाही तर वारा असतो." वावटळ आली की उभी बाग आडवी होते, याला तुमच्या कागदात रकाना कोठे आहे, असे ते विचारत. रकाना नव्हता. मी तसे टिपण करून वर पाठवले. वरून पोच आली, रकाना आला नाही.

खात्यात माझे नाव झाले. कापणीच्या प्रयोगात माझा अंदाज अर्ध्या आण्याने चुकला तर लोक आश्चर्य करत. नव्या पोरांना शिकवायला मला बोलावत. मी त्यांना सांगे, शेतात उभे राहून शेतकऱ्याला पीक कसे आहे ते विचारू नका. आधी कणीस चोळा, मग त्याच्या घरी जाऊन पाणी प्या आणि तेथे विचारा. ती पोरे हे लिहून घेत. हे कोठून शिकलात असे कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. दगा पाटलांच्या पाठीवर चढून मी हुशार झालो होतो.

फिरतीत माणूस एकटा पडतो हे सगळेच म्हणतात. पण कर घेणाऱ्याचा एकटेपणा जरा वेगळा असतो. तुम्ही गावात शिरलात की लोक उठून उभे राहतात, सतरंजी टाकतात, दूध आणतात, आणि तुमच्यासमोर कोणी खरे बोलत नाही. तुम्ही निघून गेल्यावर जे हसणे सुरू होते, ते तेवढे खरे. वीस वर्षे मी असे हसणे पाठीवर घेऊन गावोगाव फिरलो. वीस वर्षांत मला 'उतरा, घरी चला, बसून बोलू' असे मनापासून एकाच माणसाने म्हटले होते.

गुडघा कायमचा आखडला म्हणून गेल्या वर्षी मी मुदतीआधी पेन्शन घेतली. पहिले काम केले ते कलेक्टरांना लेखी निवेदन दिले: अमुक वर्षी अमुक गावी मी पाहणी न करता आणेवारी लावली, आकडे नसलेल्या तक्त्यावर पाटलांची निशाणी घेतली, चौकशीत खोटे बोललो. दोन महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले. प्रकरण फार जुने असल्याने निवेदन दप्तरी दाखल करण्यात आले आहे. शिक्षा नाही, बोलणे नाही, काही नाही. मला वाटले होते कोणीतरी रागावेल. तो कागद हातात घेऊन मी खोलीत बसून राहिलो, आणि पत्नीचे शब्द आठवले. मग जाऊन सांगा ना. तिने कलेक्टरांना सांगा असे कोठे म्हटले होते?

आश्विनात साक्रीपर्यंत मोटारीने गेलो. तेथून दोन कोस पायी. गुडघ्याने मला चार वेळा बसवले. गावाच्या शिवेवर तेच शेत, तीच बाजरी, आणि शेतात माळ्यावर गोफण घेऊन पाखरे राखत बसलेला एक म्हातारा. पागोटे नव्हते. पाटीलकी आता मुलाकडे होती. मी बांधावर जाऊन उभा राहिलो. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. माझी ओळख पटली ती कशावरून ते त्यांच्या पहिल्या शब्दांवरून कळले.

"आज पायी?" ते म्हणाले.

"हो, नाना. पायीच," मी म्हणालो. पाटीलकी मुलाकडे गेलेल्या दगा पाटलांना आता नाना म्हणणेच मला सुचले.

ते माळ्यावरून सावकाश उतरले. माझ्या समोर येऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांत मी ती वाक्ये मनात हजार वेळा म्हटली होती. म्हणालो, "नाना, त्या वर्षीची बाजरी..."

त्यांनी हात वर केला. "वावरमा नही, भाऊ," ते म्हणाले. आज भाऊसाहेब नव्हते, नुसते भाऊ. "वाईट बोलनं व्हई ते खयामा चला."

ते पुढे, मी मागे, लंगडत. खळे गावाला लागून होते. नुकतेच सारवले होते. तेथे सातआठ माणसे मेढ, म्हणजे मळणीचा मधला खांब, रोवत होती. बहुतेक पन्नाशीच्या पुढची, म्हणजे त्या वर्षीची. कडेला भिकी अक्का बसली होती, आता पार वाकलेली. नानांना पाहून कोणी उठले नाही, आणि नानांनाही त्याचे काही वाटलेले दिसले नाही. सवय झाली असावी. ते एका बाजूला उभे राहिले आणि मला म्हणाले, "बोला आते."

"कोन शे हाऊ?" एकाने विचारले.

मी जोडे काढून खळ्यात उभा राहिलो आणि म्हणालो:

"मी तो घोड्यावरचा सर्कल. त्या वर्षी तुमची बाजरी दोन आणेही नव्हती. सात आणे मी लिहिले. कणीस न चोळता, रस्त्यावरून लिहिले. नाना वावरात उभे होते म्हणून 'बरं शे' म्हणाले. घरी चला, खरं सांगतो, असंच त्यांना म्हणायचं होतं, आणि मी गेलो नाही. त्यांनी नांगर काढला तेव्हा कागदावर आकडा नव्हता. तो मी मागून भरला. कचेरीत साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो आणि नानांच्या नावाला हसलो. तुम्ही इतकी वर्षं ज्याला दूर ठेवलंत त्यानं काही केलेलं नाही. अक्का, तुमची घागर माझ्यामुळे गेली. नाना, तुमच्या बैलांमागे गाव आलं नाही ते माझ्यामुळे. मला माफ करा असं म्हणायचा हक्क मला नाही, पण ते म्हणायलाच मी आलो आहे. दगा मी केला. नानांचं ते नुसतं नाव."